डबा रिकामा द्यायचा नाही

आमच्या नगरमधल्या सावेडीच्या घराच्या वरच्या मजल्यावर जूनमध्ये एक नवी मास्तरीण राहायला आली. नातीच्या शाळेत गणित शिकवते. एकटीच आहे, तिकडची, चंद्रपूरकडची. आल्या आल्या मी तिला पितळी डब्यातून थालीपिठं पाठवली. दुसऱ्या दिवशी ती डबा परत द्यायला खाली आली. डबा लख्ख घासलेला, पुसलेला आणि रिकामा. "थँक्यू आजी," म्हणाली, गोड हसली आणि गेली. मी दारातच झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, नाक खुपसलं.

"आजी, काय शोधतेस?" नात म्हणाली.

"तुझ्या बाईंना."

म्हातारीचं डोकं फिरलं, अशा नजरेनं पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचंही बरोबर आहे. त्यांच्या शाळेत नवा शिक्षक पाय ठेवायच्या आधी त्याचा फोटो मोबाईलवर येऊन पडतो. आमच्या वेळी नवा मास्तर कसा आहे, हे डबा परत आल्यावर कळायचं.

हा डबा माझ्या आईच्या माहेरचा. उभट, जाड पितळेचा, झाकणाला मोराची मूठ. मोराची चोच कधीच झिजली, आता तो कोंबडीसारखा दिसतो. पोटाला एक पोचा आहे. त्या पोच्यात माझा अंगठा अजून बरोबर बसतो, आणि अंगठा बसला की मी सावेडीत नसते. जामखेडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या एसटीच्या थांब्यावर, दोन वेण्या, परकर-पोलकं आणि डोक्यात भलत्याच अक्कलहुशारीची हवा घेऊन उभी असते.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. गावात हायस्कूल नुकतं निघालेलं. हायस्कूल म्हणजे काय, तर चिंचेखाली पत्र्याच्या खोल्या. दुपारी पत्रा तापला की वर कोणी फुटाणे भाजतंय असा तडतड आवाज यायचा. शनिवारी आम्ही मुली शेणानं वर्ग सारवायचो, त्यामुळे सोमवारचा पहिला तास ओल्या सारवणाच्या वासाचा असायचा. माझ्या आठवणीत भूमितीला तोच वास आहे. त्रिकोण म्हटलं की मला अजून शेण आठवतं. यात भूमितीचा अपमान नाही.

मास्तर मात्र टिकत नसत. गावात खानावळ नाही, खोली मिळायची ती देवळामागची, पाणी आडातून शेंदायचं. मास्तर जूनमध्ये यायचा, दिवाळीच्या सुट्टीला घरी जायचा आणि परत यायचा नाही. एकाची छत्री कितीतरी वर्षं वर्गातल्या खुंटीला लटकत होती. एकाच्या वहाणा राहिल्या होत्या, त्या शिपायानं वापरून झिजवल्या. आम्हा पोरांना अनुभवानं एक खूण कळली होती. दिवाळीला जाताना मास्तरनं नुसती पिशवी नेली तर तो येणार. अंथरुणाची वळकटी नेली तर गेला.

मी नववीत गेले त्या वर्षी दोन नवे सर आले. एक निकम सर, हिंदीला आणि कवायतीला. दुसरे तांडेल सर, गणिताला आणि शास्त्राला. निकम सर नाशिककडचे, आमच्यासारखेच भाकरीवर वाढलेले, त्यांच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. तांडेल सर मात्र समुद्रावरचे. काळेसावळे, उंच, दात पांढरेशुभ्र, आणि पोरींना "काय गो" म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला "उत्तर सांग गो" म्हटलं तेव्हा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी मान ताठ करून बसले. उत्तर आलंच नाही, पण मान ताठ होती.

"सर, समुद्र केवढा असतो?" कोणीतरी विचारलं.

सरांनी सगळ्यांना दारात नेलं. बाहेर उघडा माळ, त्यावर वाळलेलं गवत. "तो माळ संपतो तिथे आभाळ टेकलंय ना? तिथपर्यंत सगळं पाणी."

मग मागून एक पोरगा म्हणाला, "मंग त्यातलं जरासं हिकडं का न्हाई सोडलं?"

सर हसले नाहीत. "खारं आहे रे," एवढंच म्हणाले, जणू त्यांचीच काहीतरी चूक होती.

दोन्ही सरांना गावानं वार लावून दिले. ज्याचं पोर हायस्कुलात, त्याच्या घरून एकेक दिवस डबा. वार ठरवायला पारावर मंडळी बसली, पण माझी मैत्रीण शकुंतला बौद्धवाड्यातली, तिच्या घराचा वार कोणी काढलाच नाही. तांडेल सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुवार मोकळा ठेवा, मला काम असतं." गुरुवारी दुपारी ते चालत चालत शकुंतलेच्या घरी गेले, ओसरीवर बसून जेवले आणि हात धुऊन शाळेत आले. दर गुरुवारी. गाव चार दिवस कुजबुजलं. मग बाजरी काढायला आली आणि कुजबुजायला कोणाला वेळ उरला नाही.

आमचा वार मंगळवार. आईनं याच डब्यात भाकरी, हुलग्याचं शेंगोळं आणि वर ठेचा भरला. मी तो डोक्यावरून नेला, दारात ठेवला आणि सरांनी पहिला घास घेतल्यावर डोळे कसे पांढरे केले ते खिडकीतून पाहून आले. आमच्याकडे रीत अशी की कोणाच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर ज्वारी घाला, दोन मिरच्या घाला, काहीच नसलं तर गुळाचा खडा घाला. निकम सर रस्त्याकडेची बोरं, चिंचा नाहीतर पेरू घालायचे. तांडेल सरांना रीत कोणीतरी सांगितली असावी, पण बिचाऱ्यांकडे द्यायला होतं काय? पहिल्या मंगळवारी डबा परत आला, त्यात पांढऱ्या खडूचा एक तुकडा होता.

आईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला. आमच्या घरी भिमाआत्या असायची, आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. आबांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, म्हणून घरात आबांचा आवाज मोठा आणि शब्द आत्याचा. तिला तंबाखूची सवय. दुपारी तिनं कोनाडा चाचपला, तो तुकडा नखानं खरवडून तंबाखूत मळला आणि गालात धरला.

संध्याकाळी म्हणते कशी, "मास्तरचा चुना अगदीच मिळमिळीत हाय गं. मानूसबी तसाच हाय का?"

मी ही बातमी वर्गात सांगितली. का सांगणार नाही? तांडेल सरांच्या कानावर गेली आणि ते कानापर्यंत लाल झाले. काळ्या माणसाचं लाल होणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या मंगळवारी डब्यात एक शिंपला आला. आतून गुलाबी, कडेला नितळ, हातात धरला की थंडगार. मी तो रात्रभर उशाशी घेऊन झोपले. सकाळी उठून पाहते तर आई त्या शिंपल्यानं दुधाचं भांडं खरवडत होती.

"लई झ्याक खरवडतो गं हा," आई खूष होऊन म्हणाली. "मास्तरला म्हनावं, आनखी असला तर दे."

असे मंगळवार येत राहिले. डब्यात कधी करवंटीची चकती, कधी शास्त्राच्या तासाला उगवून दाखवलेलं भोपळ्याचं रोप चिखलासकट, एकदा भिंगाचा फुटका तुकडा. पावसाळा कोरडा कोरडाच चालला होता, पण आमच्या कोनाड्यात एक चिमूटभर समुद्र साठत होता. वर्गात सरांनी विहिरीच्या दोराला गाठी मारून काटकोन करून दाखवला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गणित हे माणसांनी केलेलं काहीतरी आहे. याआधी मला ते आभाळातून पडणाऱ्या गारांसारखं वाटायचं.

दसऱ्याच्या दिवशी आबांनी सोनं वाटून झाल्यावर ओसरीवर बसून सांगितलं. आबा माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. आष्टीकडून एक स्थळ आलं होतं.

"हेडमास्तर म्हनले, गनित-शास्त्राचा मास्तर टिकला तरच पुढच्या साली दहावीचा वर्ग मिळंल. न्हाई तर न्हाई. पोरं जातील सायकलीवर तालुक्याला. पोरीची जात कुठं जानार?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तांडेल मास्तर दिवाळीनंतर माघारी आला तर शिक. न्हाई आला तर माघात बार उडवू."

"आन् मास्तर काय येत न्हाई," आत्या म्हणाली. "आजवर कोन आलाय?"

बास. एवढंच. माझं सगळं पुढचं आयुष्य एका माणसाच्या वळकटीत बांधलं गेलं.

मी तेव्हा स्वतःला फार धूर्त समजायचे. सर टिकावेत म्हणून मी आधी प्रमेयं पाठ केली. सरांनी एक विचारलं, मी डोळे मिटून आरतीसारखं धडाधडा म्हणून दाखवलं. "आता आकृती काढ गो," सर म्हणाले. मी काढली, ती वाटीसारखी दिसत होती. मग मी शकुंतलेला हाताशी धरून देवळामागची खोली सारवून दिली, दारात रांगोळी काढली. सर बाहेर आले, रांगोळीवर पाय देऊन गेले. त्यांचं लक्षच नव्हतं. ते माळाकडे पाहत होते, जिथं आभाळ टेकतं तिकडे.

"सरास्नी घर आठवतंय," शकुंतला म्हणाली.

"तू गप," मी म्हटलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीला खुरपणीची आणि पेरणीची घाई, पण त्यातही घराघरातून तेलाचा वास, कडबोळी, करंज्या, गुळाचा पाक. सुट्टी लागली त्या दुपारी आम्ही सगळी पोरं एसटीच्या थांब्यावर सरांना पोहोचवायला गेलो. पोहोचवायला कसलं, पाहायला. निकम सरांच्या हातात नुसती पिशवी. पोरांनी सुस्कारा टाकला. तांडेल सर आले, मागे शिपाई, शिपायाच्या डोक्यावर पेटी आणि पेटीवर वळकटी.

शकुंतलेनं माझ्या दंडाला चिमटा काढला. गरजच नव्हती. मी पाहत होतेच.

वळकटी टपावर चढली आणि मी घराकडे पळत सुटले. आई आडावर गेली होती. चुलीजवळ हा डबा होता, सकाळीच केलेल्या करंज्या आणि कडबोळ्यांनी काठोकाठ भरलेला, मामाकडे जायचा. मी तो उचलला. आमच्या दारातून थांब्यापर्यंत परकर सावरत, डबा पोटाशी धरून मी कशी धावले असेन देव जाणे. वाटेत शकुंतलेच्या आईनं हाक मारली, "काय झालं गं?" आणि मी थांबत नाही म्हटल्यावर ओट्यातल्या भाजलेल्या शेंगांची एक ओंजळ झाकण उचलून वर टाकली. एसटी सुरू झाली होती. मी खिडकीतून डबा सरांच्या मांडीवर आदळला.

"सर! आईच्या माहेरचा डबा हाय! परत पायजे!"

"अगो, पण..."

"आन् रिकामा न्हाई द्यायचा!" मी ओरडले. एसटीनं धूळ उडवली आणि माझ्या तोंडात धूळ गेली.

तुम्ही म्हणाल, हुशार पोरगी. मीही तेच म्हणत उभी होते. भला माणूस दुसऱ्याचं भांडं ठेवून घेणार नाही, आणि रीत अशी की भरूनच आणून द्यावं लागणार. म्हणजे येणं आलंच. माझ्या डोक्यात एवढं प्रमेय सुटलं होतं. आकृतीसकट.

घरी आल्यावर आईनं माझी जी पूजा केली, ती इथं लिहीत नाही. "माझ्या आयनं रुखवतात दिलेला डबा!" ती प्रत्येक फटक्याला म्हणत होती. पण त्याचा एक फायदा झाला. मास्तर परत यावा असं वाटणारी आतापर्यंत घरात मी एकटी होते, आता आम्ही दोघी झालो. आई रोज संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता विचारायची, "एसटी आली का गं?"

एसटी यायची. शाळा उघडली, निकम सर आले. तांडेल सर आले नाहीत. गणिताच्या तासाला आम्ही चिंचेखाली बसून चिंचोके खेळायचो, आणि खुंटीवरची छत्री वाऱ्यानं हलायची. शेतात ज्वारी वीतभर वर आली. आबांनी आष्टीच्या पाहुण्यांना निरोप धाडायचं ठरवलं. मी रोज दुपारी थांब्यावर जाऊन उभी राहायचे, आणि रोज एसटीतून भलतीच माणसं उतरायची, हसरी, धट्टीकट्टी, काही कामाची नसलेली.

एका दुपारी सगळे उतरले, एसटी निघाली आणि कंडक्टरनं दारातून हाक मारली. "ए पोरी, हे तुमच्या मास्तरनं धाडलंय. कोकणच्या गाडीवाल्यानं नगरच्या स्टँडवर दिलं." त्यानं काहीतरी खाली सोडलं, माझ्या हातातून निसटलं आणि दगडावर आपटलं. तो पोचा तेव्हाचा. हा डबा.

"मास्तर कुठं हायेत?" मी ओरडले.

त्यानं घंटी मारली होती.

डबा परत आला म्हणजे हिशेब मिटला. भांडं परत करून माणूस मोकळा झाला. मी माझ्या चातुर्याचं हे फळ हातात घेऊन घराकडे निघाले. चालताना पाहते तर मागून एक कुत्रं. मग दुसरं. गल्लीच्या तोंडाशी आले तोवर माझ्यामागे वरातीसारखी कुत्री, आणि प्रत्येकाचं नाक वर. मला काही सुचेना. मी पळाले, ती पळाली. घरात शिरले आणि कवाड लावून घेतलं.

ओसरीवर आबा, आई, आत्या तिघंही होती. आईनं झाकण उघडलं. वास असा उसळला की आईनं पदर तोंडाला लावला. आत काठोकाठ सुकट होती. बारीक, गुलाबी-पांढरी, वाळवलेली कोळंबी. माळकऱ्याच्या घरात. माहेरच्या डब्यात.

आबांच्या कपाळावरची शीर उठली. त्यांनी माळ सदऱ्याच्या आत सरकवली, जणू माळेनं ते पाहू नये.

"मास्तरनं थट्टा लावली का आमची?" ते म्हणाले. "टाक उकिरड्यावर! आन् उद्या मी आष्टीला जातो."

आईला डब्याला हात लावायचं धाडस होईना. आत्या उठली. "आना हिकडं, मी टाकते," म्हणाली आणि डबा घेऊन परड्यात गेली.

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. रडूही येईना. जरा वेळानं मला वाटलं, निदान डबा तरी घासून आणावा, आईची तेवढीच समजूत. परड्यात गेले तर उकिरड्याजवळ आत्या नाही. गोठ्यामागून धूर येत होता.

गोठ्यामागे आत्या उकिडवी बसली होती. समोर तीन दगड, गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर फुटका तवा. तव्यावर मूठभर सुकट तडतडत होती, दुपारच्या पत्र्यासारखी. शेजारी शिळी भाकरी आणि लाल मिरची. आत्या घास करून खात होती, अगदी सावकाश, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मला पाहिल्यावर तिनं घास गिळला. "धूर लागतोय," म्हणाली.

"व्हय."

"तू काय पाह्यलं न्हाईस."

"काय न्हाई पाह्यलं," मी म्हटलं आणि माझ्या त्या आगाऊ डोक्यात पुन्हा किडा वळवळला. "पर आत्या, आबांनी आष्टीला जाऊ नये असं तू सांगशील का?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर विरघळून गेली असती. मग ती हसायला लागली. "भवाने, मला धाक घालती व्हय?" तिनं शेजारची जागा झटकली. "बस खाली."

मी बसले.

"माझं सासर गोदावरीकाठचं," तव्यावर काडीनं हलवत ती म्हणाली. "आमचे मालक धोतराच्या सोग्यात मासळी बांधून आनायचे. सासूच्या आधी मला दाखवायचे. ते गेले, मी हितं आले. तुझ्या बापाच्या, किसनाच्या घरात माळ. मी कधी नाव काढलं न्हाई. वासबी इसरले हुते मी." तिनं दोन बोटांत थोडी सुकट उचलली, माझ्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ. काय दिसतंय?"

"घान दिसतंय."

"नीट बघ. खडा हाय का? कस्पट हाय का? एकेक निवडलीय, डोकी खुडलीत, उन्हात पुन्यांदा वाळवलीय. ज्यास्नी कटवायचं असतं ती मानसं पावशेर साखर घालून डबा माघारी धाडत्यात. हे मास्तरनं न्हाई भरलं. मास्तरला ठावं हाय तुझा बाप माळकरी. हे त्याच्या आयनं भरलंय, त्याला न इचारता. तिच्या घरात लई चांगलं जे हुतं ते." तिनं ती चिमूट तोंडात टाकली. "पोरगं जिथं ऱ्हानार, त्याच गावाला आय असं धाडती. येतोय मास्तर."

अख्ख्या हायस्कुलात असं प्रमेय मला कोणी सोडवून दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी आत्या आबांना म्हणाली, "किसना, उद्या आष्टीला जाऊ नगंस."

"का?"

"मी सांगते म्हनून."

आबांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. माझी धमकी लागू पडली होती ना! आत्याच्या तंबाखूच्या चंचीवर माझी सत्ता आली, असंच मला चार दिवस वाटत होतं. त्या चार दिवसांत मी तिला जो रुबाब दाखवला, तो आठवला की आजही माझे कान गरम होतात.

मग बाजारच्या दिवशी एसटी आली. गर्दी होती, आबाही पारावर बसले होते. टपावरून आधी पेटी उतरली. मग वळकटी. मग दुसरी वळकटी. मग वरवंटा. मग पाटा, आणि तो घेताना शिपाई खालच्या खाली बसला. पोरं मोजायचं विसरून बघत राहिली. पाटा घेऊन आलेला मास्तर गावानं कधी पाहिला नव्हता.

तांडेल सर दारातून उतरले आणि वळून त्यांनी हात दिला. एक बारकीशी म्हातारी उतरली. गुडघ्यापर्यंत आवळलेलं लुगडं, कानात जड बुगड्या, अंगानं काटकुळी, पण पाय जमिनीवर ठेवताना अशी ठाम की होडीतून उतरावी. तिनं माळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला.

"माज्या पोराला जेवू घालनारीचा डबा पोचला काय?"

सरांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आबांकडे बोट केलं, गळ्याकडे बोट केलं. म्हातारीचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. सरांच्या कानशिलांवर पुन्हा ती लाली चढली. शकुंतलेनं माझा हात गच्च धरला. मी आबांकडे पाहत होते, त्यांच्या कपाळावरच्या शिरेकडे.

आबा पारावरून उठले. चालत पुढे आले. माळ सदऱ्यावर आली होती, त्यांनी ती आत सरकवली नाही.

"पोचला, आय," ते म्हणाले. "आमची भिमाआक्का म्हनत हुती, लई सुरेख निवडलेली हुती. एक खडा लागला न्हाई."

म्हणजे आबांना ठाऊक होतं. आणि का नसेल? गोठ्यामागच्या धुराचा वास अख्ख्या गल्लीनं घेतला होता, कुत्री रात्रभर आमच्या परड्याभोवती फिरत होती. त्यांनी बहिणीला चार दिवस गोठ्यामागे जाऊ दिलं, आणि स्वतः त्या चार दिवसांत एकदाही गुरांना पाणी पाजायला तिकडे गेले नाहीत. ते काम आईला सांगायचे. मी जिचं गुपित मुठीत धरून मिरवत होते, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि हे फक्त मलाच माहीत नव्हतं.

आबा वळले. मला पाहिलं. "हितं काय उभी ऱ्हायलीस? मास्तर आला न्हवं? पाटा धर जा एका बाजूनं."

मी आणि शकुंतलेनं तो पाटा उचलून देवळामागच्या खोलीत नेला. इतकं हलकं ओझं मी पुढे जन्मात उचललं नाही.

त्यानंतर आमचा मंगळवार गेला. तिकडचं घर आवरून आईला आणण्यातच तांडेल सरांचे ते दिवस गेले होते, आता त्यांचे सगळेच वार सुटले आणि आईच्या हातचं मिळायला लागलं. पुढच्या वर्षी दुष्काळात आड आटले, घरोघरी मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकऱ्या आल्या, मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पण दहावीचा वर्ग निघाला होता. पत्र्याखाली, चिंचेजवळ, सारवणाच्या वासात. गुरुवारी दुपारी आता म्हातारीच शकुंतलेच्या घरी जाऊन बसायची. आणि भिमाआत्या, जिनं आयुष्यात कोणाच्या दारात पाय ठेवला नाही, ती देवळामागच्या खोलीत "मास्तरच्या आयला जरा बघून येते" म्हणून जायची. येताना पदराला वास यायचा. आबा तेवढ्यात हरिपाठ म्हणायला घ्यायचे, जरा मोठ्यानं. तेव्हाच्या अकरावीच्या मॅट्रिकला मी गणितात कशीबशी पास झाले. वाटीसारखी आकृती शेवटपर्यंत वाटीसारखीच आली, पण पास झाले.

आई पुढे हा डबा चिंच, राख, लिंबू, सगळं लावून घासायची आणि तरी म्हणायची, "येतोय गं वास." मला तो वास आजही येतो, पावसाळी हवेत जास्त. नात म्हणते काही येत नाही.

तर ती वरची पोरगी. आज सकाळी जिन्यात भेटली. दिवाळीला गावी चाललेय म्हणाली. दोन बॅगा, आणि शेजारी दोरीनं बांधलेली गादी. मी गादीकडे बघितलं. नात माझ्या मागे उभी होती. या वर्षी पहिल्यांदा ती गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी जेवली होती.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"बघू आजी," ती म्हणाली. "घरचे म्हणतात, तिकडेच काहीतरी बघ."

मी घरात आले. करंज्या तयारच होत्या. डबा काठोकाठ भरला, झाकण दाबलं, पोच्यात अंगठा बसवला आणि नातीच्या हातात दिला.

"पळ. रिक्षा निघायच्या आत. आणि म्हणावं, आजीच्या आईच्या माहेरचा आहे."

"आणि?"

"आणि काय! ओरडून सांग. रिक्षात ऐकू जात नाही."